वृद्धिघटक : पेशींना वाढीचा संकेत देणारी प्रथिने

खत-पाणी मुबलक असले तरी पिकाला फुटवा केव्हा यावा आणि फळ केव्हा पिकावे हे संजीवकांच्या संकेतांवर अवलंबून असते. प्राण्यांच्या शरीरातही केवळ अन्न मिळाले म्हणून पेशी विभागत नाही. विभाजनाचा संकेत तिला बाहेरून मिळावा लागतो. हा संकेत देणाऱ्या प्रथिनांना वृद्धिघटक किंवा ग्रोथ फॅक्टर म्हणतात.

पुण्यातील डासांच्या पेशी

पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस व एडिस इजिप्ती या डासांच्या अळ्यांपासून प्रयोगशाळेत सतत वाढणाऱ्या पेशी मिळवल्या. अशा पेशी वाढवताना क्षार, शर्करा व अमिनो आम्लांच्या द्रावणात गोवंशाच्या गर्भाचे सीरम मिसळण्याची पद्धत आहे. सीरम हे केवळ अन्न नव्हे. त्यात वृद्धिघटकही असतात. सिंग यांच्या एडिस अल्बोपिक्टसच्या पेशींमधूनच पुढे १९७८ मध्ये सी६/३६ हा वाण निवडण्यात आला. डेंगी व चिकुनगुनियाचे विषाणू वेगळे करण्यासाठी तो आजही जगभर वापरला जातो.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या कोषातील अंडाशयापासून मिळवलेल्या पेशीही अशाच उपयुक्त ठरल्या आहेत. संशोधनासाठी लागणारे काही मानवी वृद्धिघटक त्यांच्यात तयार केले जातात.

कार्य कसे चालते?

रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी मज्जापेशींची वाढ घडवणारा घटक शोधला. त्यांचे सहकारी स्टॅन्ले कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींतील अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा पिलांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले. या निरीक्षणातून त्वचापेशींची वाढ घडवणारा ५३ अमिनो आम्लांचा घटक हाती लागला. दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वृद्धिघटक पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहकाला कुलपात किल्ली बसावी तसा जोडला जातो. त्यानंतर पेशीच्या आत एकामागून एक प्रथिने कार्यान्वित होतात आणि संकेत केंद्रकापर्यंत पोहोचतो. ज्या पेशीवर तो ग्राहक नाही, तिच्यावर त्या घटकाचा थेट परिणाम होत नाही.

उपचार आणि मर्यादा

जखम झाल्यावर रक्तातील बिंबिका वृद्धिघटक सोडतात व दुरुस्ती करणाऱ्या पेशींना तेथे आकर्षित करतात. मधुमेहात ही प्रक्रिया मंदावते. पायाची संवेदना कमी झालेल्या शेतकऱ्याला शेतात काटा रुतल्याचेही कळत नाही आणि लहान जखम चिघळत जाते. अशा व्रणांसाठी हैदराबादच्या भारत बायोटेकने त्वचेच्या वृद्धिघटकाचे जेल विकसित केले आहे. तथापि ते पूरक उपचार आहे. रक्तशर्करेचे नियंत्रण, मृत ऊतक काढणे, जंतुसंसर्गावर उपचार आणि पायावरील भार कमी करणे यांना पर्याय नाही.

याच संकेताची दुसरी बाजूही आहे. ग्राहक बिघडून सतत कार्यरत राहिला किंवा त्याची संख्या फार वाढली, तर पेशी अनिर्बंध विभागू लागतात. स्तनाच्या काही कर्करोगांत हर-२ हा ग्राहक अतिप्रमाणात असतो. ट्रास्टुझुमॅब हे औषध त्यालाच अडवते. म्हणून वृद्धिघटकयुक्त औषध वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

सारख्या नावांमुळे गैरसमज होतो. जिबरेलिनसारखी वनस्पती संजीवके प्रथिने नाहीत. नोव्हाल्युरॉन, बुप्रोफेझिन ही कीटक वाढ नियंत्रके तर किडीच्या कात टाकण्यात अडथळा आणतात. या दोन्हींचा जखम भरण्याशी संबंध नाही. गावातील मधुमेही शेतकऱ्यांनी अनवाणी शेतात जाऊ नये, रोज पायांची तपासणी करावी व जखम दिसताच डॉक्टरांकडे जावे, हा सल्ला शेतीभेटीतही आवर्जून द्यावा.