जुन्या मोटारगाडीच्या एंजिनाची पुनर्बांधणी

जुन्या मोटारगाडीच्या एंजिनाची पुनर्बांधणी : झिजलेले अंतर्ज्वलन-एंजिन पूर्णपणे सुटे करून, त्याचा प्रत्येक भाग मोजून, आवश्यक तेथे यंत्रण करून अथवा भाग बदलून ते निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादांत परत जोडण्याच्या कामास पुनर्बांधणी म्हणतात. साध्या दुरुस्तीत बिघडलेला भाग बदलला की काम संपते. पुनर्बांधणीत मात्र एकमेकांवर घासणारे सर्व पृष्ठभाग तपासावे लागतात. ज्या गाडीचे उत्पादन थांबून अनेक दशके लोटली आहेत, तिच्या बाबतीत हे काम अधिक जोखमीचे ठरते. यंत्रणात धातू केवळ काढता येते, परत घालता येत नाही. आणि एकदा वाया गेलेला सिलिंडर ठोकळा दुसरा मिळेलच असे नसते. यामुळे कोठे धातू काढावयाची यापेक्षा कोठे काढावयाची नाही, हा निर्णय या कामात अधिक महत्त्वाचा असतो.

पुणे शहरात हे काम हौशी व्यक्तीला घरी करता येण्याजोगे आहे, याचे कारण शहराच्या औद्योगिक इतिहासात सापडते. खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे १९६२ मध्ये कोथरूड येथे किर्लोस्कर कमिन्स, तर १९६६ मध्ये पिंपरी परिसरात टेल्को यांचे कारखाने आले. भारतीय वाहन संशोधन संस्था (एआरएआय) हीही पुण्यात १९६६ मध्येच स्थापन झाली. या मोठ्या उद्योगांच्या आश्रयाने भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि शहरातील पेठांमधून सिलिंडर कातणे, भुजादंडाचे शाणन करणे, झडपांच्या बैठका बसविणे अशी कामे सुटी करून देणारे अनेक लहान कारखाने उभे राहिले. सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि बुधवारी व रविवारी भरणारा मंगळवार पेठेतील जुना बाजार ही ठिकाणे परिचित आहेत. जुन्या बाजारात मिळणाऱ्या भागाचे मूळ कूळ मात्र विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. तो मोजूनच घ्यावा लागतो.

घर व कारखाना यांमधील कामाची विभागणी यंत्रांच्या आकाराने ठरते. एंजिन सुटे करणे, धुणे, मोजणे, झडपा घोटणे, लहान लेथवर बुश, खिळी, झडपेची मार्गनळी यांसारखे भाग कातणे आणि शेवटची जुळणी ही कामे घरच्या २३० व्होल्ट एककला विद्युत् पुरवठ्यावर व एका भक्कम बाकावर होऊ शकतात. सिलिंडर कातण्याचे आणि भुजादंडाच्या शाणनाचे यंत्र घरी ठेवणे शक्य नसते. तेव्हा कारखान्यात काय करून घ्यावयाचे याची लेखी मापे मालकाने स्वतः काढून नेणे, हाच घरच्या कामाचा गाभा होय. मापे न देता ठोकळा सोडून आल्यास कारागीर हाताशी असलेल्या दट्ट्याच्या मापाला तो कातून देतो आणि गरज नसताना अर्धा मिलिमीटर धातू कायमची जाते.

मोजमाप : सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. दट्ट्याची, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील पिस्टनची, सर्वांत वरची कडी आपल्या फेरीच्या वरच्या टोकाला पोचते तेथे तापमान व दाब सर्वाधिक आणि वंगण सर्वांत कमी असते. झीज तेथेच अधिक होते आणि तिच्या वर न झिजलेल्या धातूची एक कड उरते. नखाला जाणवणारी ही कड झिजेचे पहिले लक्षण होय. ती काढल्याखेरीज दट्ट्या वरून ठोकून बाहेर काढल्यास कड्या बसविण्याच्या खाचांमधील भाग तुटण्याचा संभव असतो. शिवाय संयोगदांड्याच्या तिरक्या रेट्यामुळे दट्ट्या एका बाजूच्या भिंतीवर अधिक दाबला जातो व भोक लंबगोल होते. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली अशा तीन पातळ्यांवर आणि प्रत्येक पातळीवर भुजादंडाला समांतर व काटकोनात अशा दोन दिशांनी मोजतात. चार सिलिंडरांच्या एंजिनात अशी २४ मापे होतात.

सुताराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. यंत्रशाळेतील ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सु. ०·०२५ मिमी. एका सुतात असे १२५ थाऊ मावतात आणि एंजिनाचे भवितव्य ठरते ते आठ-दहा थाऊंवर. झीज सु. ०·२ मिमी. पेक्षा कमी असेल, तर सिलिंडर न कातता केवळ घोटून नव्या कड्या बसविणे पुष्कळदा पुरते. ती अधिक असल्यास सर्व सिलिंडर एकाच वाढीव मापाला कातून त्या मापाचे दट्ट्ये बसवितात. मापाच्या या सूक्ष्मतेमुळे पुण्याचा उन्हाळाही हिशेबात घ्यावा लागतो. मापांची प्रमाणित तापमानमर्यादा २०° से. आहे, एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी शेडमधील तापमान त्यापेक्षा सु. २०° ने अधिक असते. बिडाचा ठोकळा व पोलादी मापक यांचे प्रसरण जवळजवळ सारखे असते, परंतु ॲल्युमिनियमाचा दट्ट्या त्याच्या दुप्पट प्रसरण पावतो. ६८ मिमी. व्यासाचा दट्ट्या एवढ्या तापमानवाढीने सु. ०·०३ मिमी. फुगतो. दट्ट्या व सिलिंडर यांमध्ये ठेवावयाची मोकळीकच ०·०४ ते ०·०८ मिमी. असल्याने ही चूक क्षुल्लक नव्हे. दोन्ही भाग रात्रभर एके ठिकाणी ठेवून पहाटे मोजणे हा सोपा उपाय आहे.

यंत्रण : ६८ मिमी. व्यास व ७५ मिमी. धाव असलेले १,०८९ घ.सेंमी. क्षमतेचे फियाट ११०० चे एंजिन महाराष्ट्रात सर्वांत परिचित म्हणता येईल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होई व पुढे ती ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने विकली गेली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सीच्या दीर्घ वापरामुळे या एंजिनाचे सुटे भाग इतर जुन्या गाड्यांच्या मानाने सुलभ राहिले. याचा सिलिंडर ६९ मिमी. पर्यंत कातल्यास क्षमता सु. १,१२२ घ.सेंमी. होते, म्हणजे जेमतेम ३ टक्क्यांनी वाढते. शक्ती वाढविण्यासाठी सिलिंडर कातण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही; भिंत तेवढी पातळ होते. भिंत फार पातळ झाल्यास ठोकळ्यात दाबून बसविलेली बिडाची अस्तरनळी, म्हणजे लायनर, घालून मूळ माप परत मिळविता येते. कातल्यानंतर भिंती घोटताना एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा मुद्दाम ठेवतात. त्यांत तेल धरून राहते. आरशासारखी गुळगुळीत भिंत दिसावयास सुंदर, पण कड्या बसण्यास निरुपयोगी असते.

भुजादंडाच्या धारव्यांच्या जागा लंबगोल झाल्यास शाणन करून लहान मापाला आणतात. येथे जागेच्या दोन्ही कडांना असलेली गोलाई कायम ठेवणे अत्यावश्यक असते. ती काटकोनी झाल्यास तेथूनच शीणजन्य तडा जातो. १९३० पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत बदलता येणारे पातळ कवचाचे धारवे नसतात. त्यांत आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या कथिल, अँटिमनी व तांबे यांच्या मिश्रधातूचा रस जागेवरच ओततात, तो एका रेषेत कातून काढतात आणि निळा रंग लावून टेकणारे ठिपके पात्याने हळूहळू खरवडतात. हे हातकौशल्य जाणणारे कारागीर आता विरळ झाले आहेत.

स्वतः भाग कातणाऱ्याची खरी परीक्षा आट्यांत होते. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५°, तर मेट्रिक व अमेरिकन आट्यांचा ६०° असतो. मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना घेतला व तेथील यंत्रे तशीच वापरली. परिणामी मॉरिसच्या अनेक एंजिनांत आटे मेट्रिक आणि नटांची डोकी व्हिटवर्थ मापाची असा विचित्र संकर आढळतो. पान्याच्या मापावरून आटे ओळखणारा येथे फसतो व ठोकळ्यातील आटे कायमचे खराब करतो.

इंधनाचाही विचार करावा लागतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये थांबली. शिशाची संयुगे झडपांच्या मऊ बिडी बैठकांचे रक्षण करीत. आता शीर्षात कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे इष्ट ठरते. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचले असून त्यामुळे जुने रबर, बूच व कार्ब्युरेटरमधील जस्ताचे ओतीव भाग खराब होतात. धुलाईत कॉस्टिक सोडा केवळ बिडासाठी वापरावा. फियाटच्या शीर्षासारखे ॲल्युमिनियमाचे भाग त्यात विरघळतात. जुन्या गॅस्केटमधील ॲस्बेस्टसची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ती कोरडी खरवडू नये.

मूळ रूपाचा प्रश्न : केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. सांगाडा, कवच अथवा एंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. निर्मात्याच्या पुस्तिकेतच वाढीव मापाचे दट्ट्ये नमूद असतात. तेव्हा त्या मर्यादेत केलेली पुनर्बांधणी फेरफार मानणे सयुक्तिक नाही. याउलट डिझेल स्वस्त असलेल्या काळात ज्या असंख्य फियाट व ॲम्बॅसडर गाड्यांची पेट्रोल एंजिने काढून डिझेल एंजिने बसविली गेली, त्यांनी आपले मूळ रूप गमावले आहे. एंजिनाचा क्रमांक ठोकळ्यावर कोरलेला व नोंदणीपत्रात लिहिलेला असल्याने ठोकळा बदलणे हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. भेगाळलेला मूळ ठोकळाही शक्यतो न टाकता भेगेवर धातूचे टाके घालून वाचविण्याकडे जाणकारांचा कल असतो, तो यामुळेच.

जुळणी व चालू करणे : जोडण्यापूर्वी तेलमार्गांची बुचे काढून ते आतून स्वच्छ करतात, त्यांत राहिलेला शाणनाचा कचरा नवे धारवे काही मिनिटांत खराब करतो. प्रत्येक कडी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट मोजतात, ६८ मिमी. व्यासाला ती सु. ०·२ ते ०·३ मिमी. ठेवतात. शीर्षाचे नट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, पीळमापक पान्याने आवळतात. एंजिन प्रथम चालू करण्याआधी ठिणगीगुडद्या काढून ते हाताने फिरवितात व तेलाचा दाब आल्याची खात्री करतात. पहिले सु. १,००० किमी. गाडी मध्यम वेगाने, परंतु सतत एकाच वेगाने नव्हे, चालवितात. सिंहगड किंवा खंबाटकी यांसारखे चढ या काळात टाळतात. त्यानंतर धातूचा कीस उतरलेले तेल बदलून, एंजिन पूर्ण थंड असताना शीर्षाचे नट पुन्हा आवळून झडपांची मोकळीक नव्याने लावतात.