फुटका सायलेन्सर: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

नागपूर जिल्ह्यात जुना ट्रॅक्टर सहसा भंगारात जात नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखानाच आहे. जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात, ते बसवणारा मिस्त्रीही गावाजवळ सापडतो. इंजिनाचं ऑइल वेळेवर बदलणारे मालक सायलेन्सर फुटला की मात्र "आवाजच तर आहे" म्हणून दोन-दोन हंगाम तसेच काढतात. बाकीचे बहुतेक गैरसमज याच एका वाक्यातून निघाले आहेत.

आधी आवाजाचंच पाहू. आठ तासांच्या कामासाठी कानाला 85 डेसिबल ही मर्यादा सर्वसाधारणपणे धरली जाते, आणि अमेरिकेतल्या 'नायॉश' संस्थेच्या शिफारशीनुसार दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 91 डेसिबलला दोनच तास. केबिन नसलेला जुना ट्रॅक्टर सायलेन्सर शाबूत असतानाही या पातळीच्या आसपास किंवा वर असतो. अशा आवाजाने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 120 नुसार शेतीच्या ट्रॅक्टरलाही सायलेन्सर बंधनकारक आहे. "शेतातल्या गाडीला कायदा नसतो" हे खरं नाही.

"उघड्या रानात धूर कुणाला लागतो?" असंही विचारलं जातं. रानात धूर पांगतो हे खरं, पण मॅनिफोल्डजवळ गळती असेल तर तो वर न जाता चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं तर आणखी धोक्याचं, कारण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणं. नागपूरच्या मे महिन्यात असं झालं की "ऊन लागलं" म्हणून आपण मोकळे होतो. शेडमध्ये इंजिन चालू होतं का, हेही एकदा विचारायला हवं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मळणीची. सोयाबीन निघालं की ट्रॅक्टर थ्रेशरला जोडून तासन् तास एका जागी चालतो आणि भोवती कोरडं कुटार उडत असतं. भाराखाली डिझेल इंजिनातून निघणारा वायू 400 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. कुटार पेटायला त्याहून बरंच कमी पुरतं. धड सायलेन्सर हा वायू वर, गंजीपासून दूर सोडतो. फुटका तो आडवा फेकतो, सोबत काजळीच्या ठिणग्याही. वर्षाचं पीक अशा ठिणगीच्या भरवशावर सोडू नका.

सायलेन्सर काढला की ताकद वाढते, असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतील. वाढतो तो आवाज. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोच्या आधी गळती असेल तर ताकद उलट घटते. आणि उघड्या नळीतून पावसाचं पाणी थेट सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. काळ्या धुराचा दोषही सायलेन्सरला देऊ नका. त्यासाठी आधी एअर क्लीनर आणि नोझल तपासा.

आता दुरुस्ती. "नवा सायलेन्सर टाकला की झालं" हे अर्धंच खरं, कारण गळती अनेकदा नळीत नसून मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगला असते. सांध्याजवळ काजळीचा काळा ओघळ दिसला तर तीच जागा. पाण्याच्या पाइपला लावायची पुट्टी तिथे टिकत नाही, ती एवढ्या उष्णतेसाठी बनलेलीच नसते. बिडाच्या मॅनिफोल्डला साध्या रॉडने वेल्डिंग मारलं तर शेजारी नवी चीर पडते. त्याला आधी तापवणं, निकेल रॉड आणि राखेत हळूहळू निववणं लागतं.

खरी कसोटी गंजलेल्या स्टडची. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी नट एकदम न फिरवता थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, असा खेळवत काढा. अडला तर नट गॅसने तापवा, पण आधी तेल पुसून घ्या आणि डिझेलची गळती नाही हे पाहा. पाना रेटाल तर स्टड हेडमध्ये तुटेल आणि तासाभराचं काम दोन दिवसांवर जाईल. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं खरवडू नका. ओलं करा, तोंडाला मास्क बांधा. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून ते वाकलेलं नाही ना, हे बघा. वाकलेल्या मॅनिफोल्डवर कितीही महागाचं पॅकिंग टिकत नाही.

नट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे आवळत न्या. पहिल्यांदा इंजिन तापून पूर्ण थंड झालं की ते परत एकदा आवळायचे असतात. तोवर मिस्त्री निघून गेलेला असतो, म्हणून हे काम मालकाने स्वतः लक्षात ठेवून करायचं.