प्रेमाची भेट : गुलाबाच्या देठाऐवजी मोगऱ्याचे रोप

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला, की पणजी, मडगाव, म्हापसा आणि फोंड्याच्या फुलबाजारांत लाल गुलाबांच्या जुड्या दिसू लागतात. एरवीपेक्षा चढ्या दराने त्या विकल्या जातात आणि १४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत संपतातही. हे लांब देठाचे गुलाब बहुधा मावळ किंवा बेंगळुरू परिसरातील हरितगृहांतून आलेले असतात. झाडापासून तुटल्यावर फुलाचे अन्न थांबते. पाणी मात्र देठातील सूक्ष्म नलिकांतून वर चढत राहते. त्या नलिकांत हवेचे बुडबुडे शिरले किंवा जिवाणूंची वाढ झाली, की तेही थांबते आणि फुलाची मान झुकते. पाणी रोज बदलले, देठ तिरपा कापला, तरी आठवड्याभरात फुलदाणी रिकामी होते.

ज्याला आपले प्रेम आठवड्याहून अधिक टिकावे असे वाटते, त्याने फुलाऐवजी फुलझाड देण्याचा विचार का करू नये? झेंडूसारखी वर्षायू झाडे एका हंगामात फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. मोगरा, जाई, जुई, अबोली, शेवंती, सोनचाफा ही मात्र बहुवर्षायू. बहर ओसरला तरी त्यांचे मूळ जिवंत राहते आणि पुढच्या हंगामात तेच झाड पुन्हा फुलते.

आपल्या प्रदेशाला ही फुले परकी नाहीत. अबोलीची आणि जायांची फाती केसांत माळण्याची गोव्यातील रीत जुनी आहे. म्हार्दोळच्या श्री महालसेच्या देवळातील जायांची पूजा तर सर्वांच्या परिचयाची. अंगणात तुळशीवृंदावन आणि त्याच्या आसपास अबोलीचे ताटवे हे दृश्य गावांतून आजही दिसते.

मोगऱ्याची एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडील बागेतल्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. तो वाढतो तो फांदीच्या छाटापासून किंवा दाब कलमापासून. म्हणजे आपल्या कुंडीतला मोगरा हा दुसऱ्या कोणाच्या तरी मोगऱ्याचाच एक अंश असतो. आजीच्या अंगणातील झाडाची फांदी आणून रुजवली, तर ते त्या झाडाचे अपत्य नसते. तेच झाड नव्या जागी वाढत असते. जिच्याशी संसार थाटायचा तिला आपल्या घरच्या मोगऱ्याचे रोप देणे, किंवा तिच्या माहेरच्या मोगऱ्याची फांदी आणून नव्या घरी रुजवणे, या भेटीला बाजारातील कोणत्या पुष्पगुच्छाची सर येईल?

अशी भेट मात्र आयत्या वेळी तयार होत नाही. फेब्रुवारीत द्यायची असेल, तर तिची तयारी पावसाळ्यात करावी लागते. जून-जुलैमध्ये मोगऱ्याच्या निरोगी, अर्धवट पक्व फांदीचा साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा. खालची पाने काढून एक-दोन पेरे मातीत जातील असा तो लावावा आणि आडोशाला ठेवावा. चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात. फांदी न तोडताही हे साधते. खालची लवचीक फांदी वाकवून तिचा एक पेर मातीत दाबून ठेवला, की तेथे मुळे धरतात. मग तो भाग कापून वेगळा करावा.

आपल्याकडे पाऊस सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो. त्यामुळे रोप पाण्यावाचून मरण्यापेक्षा पाणी साचून कुजण्याची भीती अधिक. कुंडीला तळाशी भोके हवीत. माती, कुजलेले शेणखत आणि वाळू यांचे मिश्रण भुसभुशीत असावे. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन मिळाले नाही, तर पाने वाढतात पण कळ्या येत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत हलकी छाटणी करून पाणी थोडे कमी करावे. कळ्या नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून ही छाटणी आवश्यक असते. कळ्या संध्याकाळी उमलतात आणि गंधही तेव्हाच दरवळू लागतो.

येथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. १४ फेब्रुवारीला दिलेल्या मोगऱ्यावर त्या दिवशी बहुधा फूल नसेल. खरा बहर मार्चपासून पुढे, उन्हाळ्यात. पहिल्या वर्षी फुलेही मोजकीच येतील. त्या दिवशीच फूल दिसायला हवे असेल, तर अबोली निवडावी. ती जवळजवळ वर्षभर फुलते, थोडी सावलीही सोसते आणि तिचे फूल काही दिवस टवटवीत राहते. तिला गंध नाही. पण नावच अबोली असलेल्या फुलाकडून बोलण्याची अपेक्षा कशाला? सूत्रकृमी ही तिची मोठी व्याधी; त्यासाठी लावतानाच मातीत निंबोळी पेंड मिसळावी. अंगण व मांडव असेल तर पावसाळ्यात फुलणारी जाई द्यावी. सोनचाफा द्यायचा तर कलमीच द्यावा; बियांपासूनच्या झाडाला फूल येईपर्यंत अनेक वर्षे वाट पाहावी लागते.

आणि देण्यापूर्वी घेणाऱ्याचाही विचार करावा. सदनिकेच्या गच्चीत ऊन येते का? भाड्याचे घर वर्षभरात बदलणार आहे का? उग्र गंधाने डोके दुखते का? पाणी घालायला वेळ मिळतो का? रोप ही भेट असते तशीच ती जबाबदारीही असते, आणि न विचारता लादलेली जबाबदारी कोणालाच गोड वाटत नाही. म्हणून रोप देताना त्याच्या देखभालीतील आपला वाटाही उचलावा. खत आपण घालावे, छाटणी आपण करावी. गावी जाताना कुंडी शेजाऱ्यांकडे सोपवण्याचे कामही आपलेच समजावे.

गुलाब देणाऱ्याचे काम देताक्षणी संपते. रोप देणाऱ्याला दर जानेवारीत छाटणीची आठवण ठेवावी लागते. दोन माणसांनी मिळून ती आठवण चार-पाच वर्षे जपली, तर पुढच्या एखाद्या पावसाळ्यात त्याच मोगऱ्याची फांदी मागायला कोणीतरी त्यांच्या दारी येईल. ती देताना हात आखडता घेऊ नये.