घरातल्या वयस्कर आणि आजारी माणसांसह महाबळेश्वरची दोन दिवसांची सहल: जाण्याआधी काय पाहावे?

एप्रिल-मे महिन्यात कापडे, पोलादपूर, महाड या भागात दुपार नकोशी होते. मुंबईची मंडळी सुट्टीला गावी आलेली असतात आणि कोणीतरी म्हणतेच, "चला, दोन दिवस महाबळेश्वरला जाऊन येऊ." मग दवाखान्यात ठरलेला प्रश्न येतो: "डॉक्टर, आईला बीपी आहे, शुगर आहे. वर नेली तर चालेल ना?"

बहुतेक वेळा उत्तर "हो, न्या" असेच असते. आजार आटोक्यात असेल, औषधे नियमित सुरू असतील आणि सहल दमछाक न करणारी असेल, तर थंड हवेत दोन दिवस काढणे वयस्कर माणसांनाही मानवते. पण काही आजारांत घाट चढणे पुढे ढकलावे लागते. कोणी थांबायचे आणि जाणाऱ्यांनी काय काळजी घ्यायची, ते या लेखात पाहू.

उंचीचा त्रास होतो का?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. आपल्याकडची सावित्री नदी तिथेच, क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने सुमारे ४० किलोमीटरच्या रस्त्यात आपण जवळजवळ ही सगळी उंची चढतो.

लेह-लडाखला होतो तसा विरळ हवेचा आजार साधारण २५०० मीटरच्या वर दिसतो. महाबळेश्वरला हवेचा दाब खालच्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. निरोगी माणसाला तो जाणवतही नाही. ज्यांचे फुप्फुस किंवा हृदय आधीच कमजोर आहे, त्यांना मात्र चढावर नेहमीपेक्षा लवकर दम लागू शकतो.

घाटात कानाला दडे बसतात. आवंढा गिळणे, जांभई देणे, गोळी चघळणे याने ते सुटतात. तान्ह्या बाळाला चढताना-उतरताना अंगावर पाजावे. सर्दीने नाक चोंदलेल्या मुलाचा कान घाटात जास्त दुखतो.

कोणी सहल पुढे ढकलावी?

- नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असेल. हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय जाऊ नये.
- बसल्या जागी किंवा घरातल्या घरात चालताना दम लागत असेल, पायावर सूज वाढत असेल, छातीत वरचेवर दुखत असेल.
- अलीकडे पक्षाघात झालेला असेल.
- ताप, जुलाब, उलट्या सुरू असतील, किंवा साखर अजिबात आटोक्यात नसेल.
- गरोदरपणाचे शेवटचे आठवडे असतील, किंवा अंगावरून रक्त जात असेल.
- घरी ऑक्सिजन लावावा लागत असेल.
- डोळ्याच्या पडद्याचे ऑपरेशन होऊन डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरलेला असेल. ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. उंचीवर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. त्यासाठी विमानातच बसावे लागते असे नाही, घाट चढणेही पुरेसे असते. गॅस पूर्ण विरल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत घाट चढू नका. मोतीबिंदूच्या साध्या ऑपरेशनमध्ये असा गॅस भरत नाहीत, तरी जाण्याआधी विचारून घ्या.

घाटात गाडी लागणे

डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र वळणे नोंदवत असते. मेंदूला मिळणाऱ्या या दोन परस्परविरोधी बातम्यांमुळे मळमळते.

- निघण्यापूर्वी हलके खा. अगदी उपाशीही निघू नका आणि तेलकट खाऊनही नको.
- पुढच्या सीटवर बसा आणि लांबवर रस्त्याकडे पाहा. मोबाइल बंद ठेवा.
- काच थोडी उघडी ठेवा. मध्ये वाडा-कुंभरोशीला दहा मिनिटे उतरा.
- उलटी थांबवणारी ऑनडॅनसेट्रॉनची गोळी अनेकांच्या घरात असते, पण गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. प्रोमेथाझिनसारखी गोळी उपयोगी पडते. मात्र ती घाट सुरू होण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी लागते. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही.
- या गोळीने झोप येते. गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारावे. आजी-आजोबांना दिली असेल, तर गाडीतून उतरताना हात धरा.

मधुमेह असेल तर

सहलीत जेवणाची वेळ चुकते आणि चालणे वाढते. गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि घाटात गाड्यांच्या रांगेत दोन तास अडकलात, तर साखर एकदम उतरू शकते. घाम येणे, हात थरथरणे, धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि नंतर काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. साखरेची पुडी आणि बिस्किटे डिकीत ठेवू नका, हाताशी ठेवा.

इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. ते खराब होते आणि वरून पाहून कळत नाही. बर्फाला चिकटूनही ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. वापरात असलेले पेन किंवा बाटली सावलीत, कपड्यांच्या मध्ये ठेवली तर दोन दिवस सहज टिकते.

स्ट्रॉबेरीची पाच-सहा फळे मधुमेह्यांना चालतात. साखर वाढते ती त्यावरच्या क्रीमने, सरबताने आणि जॅमने.

रक्तदाब, हृदय आणि दमा

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब थोडा वाढतो. "दोन दिवस गोळी नाही घेतली तर काय होते?" असे म्हणू नका, रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवू नका. लघवीची गोळी प्रवासात अडचणीची होते म्हणून काही जण ती परस्पर बंद करतात. तिची वेळ बदलता येईल का, हे आधी विचारा.

दमा असणाऱ्यांना पहाटेची गार हवा आणि घोड्यांच्या टापांनी उडणारी धूळ त्रास देते. तातडीचा पंप खिशात असू द्या. पहाटे बाहेर पडताना नाक-तोंडावर मफलर घ्या.

शेगडी आणि गॅस गीझर

हिवाळ्यात गेलात तर हा भाग नक्की वाचा. खोली गरम राहावी म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारे-खिडक्या बंद करून झोपणे जिवावर बेतू शकते. बंद न्हाणीघरातला गॅस गीझरही तितकाच धोक्याचा. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघू शकतो आणि त्याला वास नसतो. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळले, तर ते जेवण बाधले असे समजून पडून राहू नका. सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत आणा आणि रुग्णालयात न्या.

बेत कसा आखावा?

वयस्कर माणसांसाठी दिवसाला दोन ठिकाणे पुरेत. विल्सन पॉइंट, बॉम्बे पॉइंट, वेण्णा तलाव इथे गाडी जवळपर्यंत जाते. प्रतापगडाला शेकडो पायऱ्या आहेत. गुडघे किंवा हृदय साथ देत नसेल तर त्यांना खालीच सावलीत बसू द्या, सोबत एक जण थांबा. दुपारी तासभर आडवे होऊ द्या. रात्री न्हाणीघराकडे जाताना दिवा चालू ठेवा. अनोळखी जागेत पडून खुब्याचे हाड मोडणे हा सहलीतला मोठा धोका आहे.

काही पॉइंटांवर माकडे पिशवी ओढतात. माकडाने चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालयात जा.

जुलै-ऑगस्टमध्ये आजारी माणसाला घेऊन हा घाट चढू नका. २२ जुलै २०२१ च्या पावसाने तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथे काय केले ते आपण पाहिले आहे. त्याच पावसात आंबेनळीचा रस्ताही तुटला होता. दरड आली तर रुग्ण मध्येच अडकतो.

हवापालटाने आजार बरा होतो का?

जुनी माणसे क्षयाच्या रुग्णाला थंड हवेला न्यायला सांगत, त्यामागे कारण होते. क्षयावर औषध नव्हते, तेव्हा १९१२ साली पाचगणीत डॉ. बिलिमोरिया यांनी बेल-एअर हे क्षयरुग्णांचे आरोग्यधाम सुरू केले. पुढे औषधे आली आणि १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिले की, घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात. म्हणजे काम करते ते औषध. क्षय असो, दमा असो की बीपी, "हवा बदलली, आता गोळ्या नकोत" असे करू नका.

सोबत काय ठेवावे?

- चार दिवस पुरतील इतकी औषधे, मूळ पाकिटात. निम्मी एका पिशवीत, निम्मी दुसरीत.
- औषधांची चिठ्ठी, शेवटचा ईसीजी आणि रिपोर्ट यांचे मोबाइलवर फोटो.
- ओआरएस, थर्मामीटर, ग्लुकोमीटर, स्वेटर, कानटोपी, रबरी तळाच्या चपला.

वाटेत काही झाले तर

छातीत दाब, दरदरून घाम, अचानक दम, बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा. घाटात काही वळणांवर रेंज मिळत नाही, तेव्हा फोनसाठी थांबून वेळ घालवू नका. "आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जाऊ" म्हणून पूर्ण घाट उतरू नका. वर असाल तर महाबळेश्वरचे मोरारजी गोकुळदास ग्रामीण रुग्णालय, पायथ्याजवळ असाल तर पोलादपूरचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे आधी जा. ओळखीच्या डॉक्टरांना फोन तिथे पोहोचल्यावर करा.

निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा रक्तदाब, साखर तपासून घ्या आणि बेत आपल्या डॉक्टरांना सांगा. औषधात बदल करायचा असेल, तर त्याचा परिणाम पाहायला तेवढे दिवस लागतात.