ईस्टरची तारीख का बदलते?

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. ईस्टर मात्र कधी मार्चअखेर, तर कधी एप्रिलमध्ये. या चंचलतेचे मूळ ज्यूंच्या पंचांगात आहे.

येशूला जेरुसलेममध्ये क्रूसावर खिळण्यात आले, ते वल्हांडण सणाच्या दिवसांत. इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण म्हणून ज्यू हा सण पाळतात. हिब्रूत त्याला ‘पेसाह’ म्हणतात. मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांनुसार येशूचे अखेरचे भोजन वल्हांडणाचेच होते.

पेसाह निसान महिन्याच्या १४ तारखेस सूर्यास्तानंतर, पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो. हिब्रू महिने चांद्र असल्याने ऋतूंशी मेळ राखण्यासाठी १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना धरला जातो. आपल्याकडील अधिक मासाचीच ही रीत. फरक एवढाच, की जादा महिना नेहमी निसानपूर्वीच्या अदार महिन्यालाच जोडला जातो.

आशिया मायनरमधील आरंभीचे अनेक ख्रिस्ती वार न पाहता १४ निसान हाच दिवस पाळीत. रोममध्ये मात्र पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवारचा आग्रह होता. इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेत सर्वांनी एकाच रविवारी ईस्टर साजरा करावा आणि त्यासाठी ज्यूंच्या गणनेवर विसंबू नये, असे ठरले. यामागे केवळ खगोलगणित नव्हते; सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पत्रातील ज्यूंविषयीची कटुता तेच सांगते. पुढे नियम रूढ झाला तो असा : २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमाही चर्चच्या कोष्टकावरून ठरते.

परिणामी दोन्ही सण बहुधा जवळ येतात. पण सध्याच्या गणनेनुसार १९ वर्षांत ३ वेळा त्यांत सुमारे महिन्याचे अंतर पडते. २०२४ मध्ये होळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला ईस्टर झाला; पेसाह मात्र २२ एप्रिलच्या संध्याकाळी, हनुमान जयंतीच्या पूर्वसंध्येला सुरू झाला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च ज्युलियन दिनदर्शिकेनुसार गणना करीत असल्याने त्यांचा ईस्टर अनेकदा आणखी वेगळा येतो. २०२५ मध्ये मात्र दोघांचाही २० एप्रिललाच होता.

गणना वेगळी झाली तरी नाव पुसले गेले नाही. इटालियनमधील ‘पास्क्वा’, पोर्तुगीजमधील ‘पास्कोआ’ आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांतले ‘पास्कांचें फेस्त’ हे सारे शब्द मूळ ‘पेसाह’शीच नाते सांगतात.