हिरवळीच्या यंत्राचें शेतवाहन

अमेरिकेच्या ग्रामीण भागांत ज्याच्यापाशीं पांच-दहा एकर जमीन आहे, अशा शेतकऱ्याच्या कोठारामागें बहुधा एक वस्तु पडलेली आढळते. ती म्हणजे बसून चालविण्याचें, हिरवळ कापण्याचें जुनें यंत्र. ओल्या गवताच्या सततच्या संसर्गानें त्याच्या पोटाखालच्या पात्यांच्या पेटीची गंजून चाळण झालेली असते. परंतु एंजिन, गिअर व चाकें यांत अद्याप पुष्कळ जीव शिल्लक असतो. दुसरीकडे त्याच शेतकऱ्याला कोंबड्यांचें खाद्य, कुंपणाचे खांब, सरपण, मेंढ्यांसाठीं पाणी अशीं ओझीं खाचखळग्यांतून रोज न्यावीं लागतात. या कामासाठीं मुद्दाम बनविलेलीं लहान वाहनें बाजारांत मिळतात; पण त्यांची किंमत हजारों डॉलरांच्या घरांत जाते. तेव्हां मोडींत निघालेल्या यंत्रालाच नवा जन्म द्यावा, ही कल्पना सुचली तर त्यांत नवल नाहीं.

जुन्या यंत्रांतून शेतीचें साधन घडविण्याची प्रथाही नवी नव्हे. फोर्ड कंपनीनें १९०८ ते १९२७ या काळांत ‘टी’ नमुन्याच्या दीड कोटी मोटारी बनविल्या. पुढें १९३० नंतरच्या मंदींत व दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईंत नवा ट्रॅक्टर घेणें अनेकांच्या आवांक्याबाहेर गेलें. तेव्हां अमेरिकन शेतकऱ्यांनीं अशाच जुन्या मोटारींचे सांगाडे आंखूड केले, एकीमागें एक अशा दोन गिअरपेट्या बसविल्या, आणि त्यांना नांगरास जुंपलें. या वाहनांना ते ‘डूडलबग’ म्हणत. हिरवळीच्या यंत्राचें रूपांतर हा त्याच परंपरेचा धाकटा अवतार होय. फरक इतकाच कीं, ‘टी’ मोटार मुळांतच कच्च्या, खडबडीत रस्त्यासाठीं बांधलेली होती. हें यंत्र मात्र गालिच्यासारख्या सपाट भूमीसाठीं जन्मास आलें.

त्याच्या जन्माची कथाही हेंच सांगते. इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड येथें एडविन बडिंग यानें १८३० सालीं पहिलें हिरवळ कापण्याचें यंत्र तयार केलें. लोकरी कापडावरील तंतु सारखे कातरणाऱ्या गिरणींतील यंत्रावरून त्याला तें सुचलें. अमेरिकेंत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचें ‘कब कॅडेट’ १९६१ सालीं व जॉन डिअर कंपनीचें ‘११०’ हें यंत्र १९६३ सालीं निघालें. दोहोंचीं एंजिनें आरंभीं ७ अश्वशक्तीचीं होतीं. पुढें १२ ते २० अश्वशक्तीचीं एंजिनें सर्रास येऊं लागलीं. मात्र त्यांत दोन जाती पडल्या. एक जात हलकी. तिचा सांगाडा पातळ पत्र्याचा, आणि काम केवळ गवत कापण्याचें. दुसरी जात बागेच्या ट्रॅक्टरची. तिचा सांगाडा जाड, आंस भक्कम, व लहान नांगर किंवा बर्फ लोटण्याचें फळें यांचा भार सोसण्याची तिला संवय. रूपांतराचें निम्मे यश या निवडींतच असतें. पहिल्या जातीचें यंत्र फुकट मिळालें तरी महाग पडतें, असा जाणत्यांचा अनुभव आहे.

आतां मूळ यंत्राचें गणित पाहावें. त्याचें एंजिन मिनिटाला सुमारें ३६०० फेरे करतें. तेथून पट्टा व कप्प्या, मग गिअरपेटी, आणि शेवटीं मागील आंस, असा शक्तीचा प्रवास होतो. या प्रवासांत वेग छत्तीस पटींनीं कमी झाला, तर चाक मिनिटाला १०० फेरे घेईल. चाकाचा व्यास २० इंच असेल, तर एका फेऱ्यांत सुमारें १.६ मीटर अंतर कापलें जाईल. म्हणजे ताशीं साडेनऊ किलोमीटरांच्या आसपास वेग मिळेल. एक अश्वशक्ति म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलण्याची शक्ति. त्या हिशेबानें १२ अश्वशक्तीचें एंजिन या वेगानें चालतांना सव्वातीनशें किलोंहून अधिक ओढ देऊं शकेल. घर्षणांत वायां जाणारा भाग वगळला, तरी दोनशें किलोंच्या वर ओढ उरतेच.

मग हें यंत्र चिखलांत अडकतें कां? त्याचें कारण चाक आणि माती यांच्या संबंधांत आहे. यंत्र व चालक मिळून २८० किलो वजन धरलें व त्यांपैकीं १८० किलो मागील चाकांवर पडतें असें मानलें, तर भुसभुशीत मातींत त्या वजनाच्या निम्म्याइतकीच, म्हणजे सुमारें ९० किलोंची पकड मिळते. एंजिन दुप्पट ओढ द्यावयास तयार असलें, तरी त्यापूर्वींच चाक जागच्या जागीं फिरूं लागतें. बैल कितीही जोमदार असला, तरी निसरड्या जमिनीवर त्याचे खूरच ठरत नसतील तर गाडा हलावयाचा नाहीं. म्हणून रूपांतर करतांना अधिक मोठें एंजिन बसविण्याचा हव्यास बहुधा निरर्थक ठरतो. आवश्यकता असते ती पकडीची.

पकड वाढविण्याचे उपाय दोन. हिरवळीला जखम होऊं नये म्हणून मूळ टायर मुद्दाम गुळगुळीत, उथळ नक्षीचे केलेले असतात. त्यांच्या जागीं ट्रॅक्टरसारखे उंच, तिरप्या पट्ट्यांचे टायर घालावयाचे, हा पहिला उपाय. मागील चाकांना लोखंडी चकत्या जोडून किंवा टायरांत पाणी अथवा कॅल्शियम क्लोराइडचें द्रावण भरून वजन वाढवावयाचें, हा दुसरा. या द्रावणानें थंडींत बर्फ धरत नाहीं व पाण्याहून वजनही अधिक मिळतें. परंतु तें लोखंडाला खातें, म्हणून टायरांत रबरी नळी असणें बरें. टायर घेतांना व्यास २० ऐवजीं २५ इंच केला, तर आंस अडीच इंचांनीं उंच होतो आणि दगडधोंडे खालून सुखरूप निघून जातात. मात्र तितक्याच फेऱ्यांत वाहनाचा वेग सव्वापट होतो. तो पूर्ववत् करावयाचा, तर गिअरपेटीवरील ६ इंचांची कप्पी काढून साडेसात इंचांची घालावी लागते. खडबडीत जमिनीवर मंद गति हेंच भूषण असल्यानें पुष्कळ जण कप्पी याहूनही मोठी घेतात.

परंतु येथेंच ‘एक सांधावें तर तेरा तुटतात’ या म्हणीचा प्रत्यय येऊं लागतो. मूळ यंत्रांत चाक घसरतें, हा दोष वाटला तरी तोच गिअरपेटीचा रक्षक असतो. भार फाजील झाला कीं चाक फिरतें आणि दांते वांचतात. समजा, ८० किलो वजन व खोल नक्षीचे टायर यांमुळें पकड ९० किलोंवरून १५६ किलोंवर गेली, आणि चाकाची त्रिज्या १० इंचांवरून साडेबारा इंच झाली. आंसावर पडणारा पीळ हा ओढ आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. तेव्हां तो पूर्वीच्या दुपटीहून अधिक होतो. हलक्या जातीच्या यंत्राची गिअरपेटी ॲल्युमिनियमच्या कवचाची व बारीक आंसाची असते. तिच्यावर हा पीळ पडला, तर दांते उडतात किंवा चाक आंसाला जखडणारी लोखंडी चावी कातरली जाते. म्हणून वजन किती वाढवावें हें टायर पाहून न ठरवितां गिअरपेटी पाहून ठरवावें, हा या विद्येंतील मुख्य नियम होय.

डिफरन्शियलची गोष्टही अशीच आहे. वळतांना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावें लागतें. दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरूं देणारी जी गिअरांची रचना, तिला डिफरन्शियल म्हणतात. सपाट जागीं ही सोय उत्तम. पण खड्ड्यांत एक चाक उचललें गेलें, कीं तेंच गरगरां फिरतें आणि दुसरें स्वस्थ राहतें. त्यामुळें कांहीं कारागीर हे गिअर वेल्डिंग करून एकजीव करून टाकतात. त्यानें चिखलांतून वाट निघते खरी. पण टणक जमिनीवर वळतांना एका चाकाला फरफटत जावें लागतें, टायर झिजतात, आंसाला पीळ पडतो व सुकाणूचक्र जड होतें. ज्याचें काम सदैव मऊ रानांत आहे, त्यानेंच हा उपाय करावा.

यानंतर सांगाडा. पात्यांची पेटी, तिचा पट्टा व उचलण्याच्या कांड्या काढून टाकल्या, कीं पोटाखालीं मोकळी जागा होते. दोन्ही बाजूंस पोलादी पट्ट्या लावून सांगाड्याला बळकटी द्यावी लागते. पुढील आंस मध्यभागीं एका खिळ्यावर डोलत असतो; जमीन वांकडीतिकडी असली तरी चारही चाकें भुईला टेकून राहावीं, यासाठीं ती योजना असते. हें डोलणें बंद करूं नये. केवळ खिळा व त्याचा आधार जाड करावा.

खरा धोका सुरू होतो तो वेगाच्या मोहानें. एंजिनावर गव्हर्नर, म्हणजे वेगाचें नियमन करणारा भाग असतो. तो काढला कीं एंजिन भरधाव सुटतें. परंतु त्याचा जोडदांडा व फिरतें जड चक्र हीं मर्यादित फेऱ्यांसाठींच ओतलेलीं असतात. चक्र फुटलें तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. ब्रेकचेंही तसेंच. पुष्कळ यंत्रांत गिअरपेटीच्या बाजूस एकच लहान ब्रेक असतो व तो डिफरन्शियलमधून काम करतो. उतारावर एक चाक घसरलें, तर दुसऱ्यालाही तो धरूं शकत नाहीं. वेग दुप्पट झाला कीं थांबविण्यासाठीं चौपट शक्ति जिरवावी लागते. म्हणून ज्या यंत्राचा ब्रेक बदललेला नाहीं, त्याचा वेग वाढविणें म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणें होय.

सर्वांत भयंकर अपघात उलटण्याचा. मागील चाकें रुतलीं आणि चालकानें जोर दिला, तर चाक फिरूं न शकल्यामुळें यंत्राचें धडच आंसाभोंवतीं वर उठूं लागतें. गाडी जोडण्याचा आंकडा आंसाच्या वर असला, तर ओढीनें त्यास आणखी साह्य होतें आणि एक-दोन सेकंदांत यंत्र चालकासह पाठीवर पडतें. सावध होण्यास अवधीच मिळत नाहीं. यास्तव आंकडा नेहमीं आंसाच्या खालीं असावा. उतारावर आडवें चालविणेंही तितकेंच घातक; पुष्कळ कारखानदारांनीं आपल्या यंत्रांसाठीं १५ अंशांची मर्यादा सांगितली आहे, आणि उंची वाढविलेल्या यंत्राची मर्यादा त्याहूनही कमी समजावी. स्वीडननें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या रक्षणासाठीं पोलादी कमान सक्तीची केली व तेथील अशा मृत्यूंचें प्रमाण पुढें झपाट्यानें घटलें. परंतु ती कमान जाड सांगाड्यावर बसलेली व चालक पट्ट्यानें आसनाला बांधलेला असतो, म्हणून ती तारते. पातळ पत्र्यावर घरीं वांकवून बसविलेली नळी संकटाच्या वेळीं कागदासारखी दुमडते, आणि तोंपर्यंत चालकाला मात्र खोटा धीर देत राहते.

या सर्वांचा इत्यर्थ असा: जाड सांगाड्याचें यंत्र निवडावें, प्रथम ब्रेक व आंकडा, मग टायर व कप्पी, आणि सर्वांत शेवटीं वजन, अशा क्रमानें काम करावें, गव्हर्नरला हात लावूं नये. अशा रीतीनें सिद्ध झालेलें वाहन माणसाच्या चालीपेक्षां फारसें वेगानें जाणार नाहीं. पण शंभर-सव्वाशें किलोंचा भार सपाट किंवा सौम्य उताराच्या शेतांतून तें वर्षानुवर्षें बिनतक्रार वाहील. रस्त्यावर धांवणें किंवा डोंगर चढणें हें त्याचें काम नव्हे. जो शेतकरी ही मर्यादा ओळखतो, त्याच्या पदरीं मोडींतून एक उपयोगी गडी पडतो. जो ओळखत नाहीं, त्याला वांचविलेल्या पैशांची किंमत आपल्या देहानें मोजावी लागण्याचा संभव असतो.