फॉल्स सीलिंगच्या वर आणि खाली

इंटिरिअर डिझाइन आणि एअर कंडिशनिंग हे दोन विषय महाराष्ट्रात वेगवेगळ्या दारांनी शिकायला मिळतात. पहिला कला महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत आणि खासगी डिझाइन संस्थांत. दुसरा मुख्यतः आयटीआयमध्ये आणि यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात. एकाला दृष्टी लागते आणि दुसऱ्याला हात, अशी पालकांची ढोबळ समजूत असते. काम सुरू झाले की मात्र दोघांचेही लक्ष एकाच जागेवर असते. ती जागा म्हणजे स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यामधली फूटभर पोकळी.

इंटिरिअरच्या शिक्षणाला पायऱ्या बऱ्याच आहेत. आयटीआयमध्ये दहावीनंतरचा एका वर्षाचा ट्रेड आहे. त्यावर पदविका, आणि बारावीनंतर चार वर्षांच्या पदव्या. मुंबईच्या १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्र-शिल्पाच्या जोडीने गृहसजावटीचाही विभाग आहे. अहमदाबादच्या सेप्टमध्ये १९९१पासून हा विषय वास्तुकलेच्या तोडीचा मानून शिकवला जातो. संस्थांच्या जाहिरातींत सोफे आणि पडदे दिसतात, पण पहिल्या वर्षाचा बराचसा वेळ ड्रॉइंग बोर्डावर जातो. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन. मग माणसाच्या शरीराची मापे. ओटा किती उंच असला की पोळ्या लाटणाऱ्याची पाठ दुखत नाही, खुर्ची मागे सरकवायला किती जागा लागते, कपाटाचा सर्वात वरचा कप्पा कोणाच्या हाताला पोहोचतो, हे सारे मोजून काढायचे असते. पुढे साहित्य येते: प्लाय, लॅमिनेट, जिप्सम, दगड, काच, कापड. कुठली वस्तू ओल धरते, कुठली आग धरते आणि कुठली पावसाळ्यात फुगते, हे कोकणपट्टीत काम करणाऱ्याला पाठ असावे लागते. शेवटच्या वर्षांत वर्किंग ड्रॉइंग आणि खर्चाचे अंदाजपत्रक, म्हणजे साइटवर ज्याला बीओक्यू म्हणतात ते. होतकरू विद्यार्थी कंटाळतात ते इथेच, आणि धंद्यात टिकणारे घडतात तेही इथेच.

या पेशाला कायद्याचे कुंपण नाही. १९७२च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार परिषदेकडे नोंदणी केल्याखेरीज कोणी स्वतःला वास्तुविशारद म्हणवू शकत नाही; इंटिरिअर डिझायनर मात्र कोणीही म्हणवू शकतो. त्याच वर्षी स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही व्यावसायिकांची संघटना आहे, तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. त्यामुळे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि चार वर्षांची पदवी बाजारात एकाच पाटीखाली बसतात. अभ्यासक्रम निवडताना नावापेक्षा त्यात बांधकाम, वीज आणि इमारतीतील सेवा यांना किती तास दिले आहेत हे पाहणे जास्त उपयोगाचे.

थंड करण्याच्या तंत्राचे शिक्षण याच्या उलट, अगदी यंत्रापासून सुरू होते. आयटीआयमधला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा. जुन्या नावावरून विद्यार्थी त्याला अजूनही एमआरएसी म्हणतात. प्रवेश दहावीनंतर. शेवटी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, आणि पुढे १९६१च्या कायद्याखाली एखाद्या कारखान्यात किंवा कंपनीत शिकाऊ उमेदवारी. सुरुवात कानस, ड्रिल आणि सोल्डरिंगने होते. मग तांब्याची नळी कापणे, वाकवणे, तिचे तोंड फुलवून फ्लेअर करणे आणि ब्रेझिंग. त्यानंतर शीतकाचे चक्र. कॉम्प्रेसर वायू दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, बारीक नळीतून किंवा झडपेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो, आणि इव्हॅपोरेटरमध्ये खोलीतली उष्णता शोषून तो पुन्हा वायू होतो. खिडकीतल्या एसीपासून बर्फाच्या कारखान्यापर्यंत बहुतेक यंत्रे याच चार टप्प्यांवर चालतात.

एसीच्या क्षमतेचे माप टनांत सांगतात, पण त्याचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी काढून टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन; आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॅट. खोलीला किती टन लागतील हे केवळ चौरस फुटांवरून ठरत नाही. पश्चिमेची काच, वरचा मजला, माणसांची संख्या, दिवे, संगणक यांची बेरीज करावी लागते. दुकानदार ती बेरीज सहसा करत नाहीत.

हवेतल्या ओलाव्याचा तक्ता, म्हणजे सायक्रोमेट्रिक चार्ट, हा अभ्यासक्रमातला सर्वात अवघड आणि सर्वात कामाचा भाग आहे. नागपूरच्या मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली गार करतो आणि तोच कूलर मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो, याचे उत्तर त्या तक्त्यात मिळते. कोरडी हवा पाणी पिऊन गार होते. आधीच भिजलेल्या हवेला पाणी पिता येत नाही. मुंबईत एसीचे निम्मे काम पाणी काढण्याचे असते म्हटले तरी चालेल. हीटिंग हा विषय इथल्या वर्गात तसा उपराच, कारण महाराष्ट्रात खोली तापवण्याची वेळ क्वचित येते. तरी ऑपरेशन थिएटरमध्ये ओलावा काढण्यासाठी हवा हवी त्याहून थंड करून पुन्हा थोडी गरम करावी लागते, आणि हॉटेलांमध्ये गरम पाण्यासाठी उष्णता-पंप बसवतात. त्या पंपातही तेच चक्र असते, उपयोग फक्त दुसऱ्या बाजूचा.

गेल्या काही दशकांत अभ्यासक्रमात सर्वाधिक बदल झाला तो वायूंमुळे. ओझोनच्या थराला इजा करणारे शीतक हटवण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला. आधी क्लोरोफ्लुरोकार्बन गेले, मग आर-२२ची पाळी आली. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०एने ओझोन वाचला, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट प्रभावी; २०१६च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंनाही कात्री लावली. आज घरगुती एसीत आर-३२ सर्रास आहे आणि काही यंत्रांत आर-२९० म्हणजे प्रोपेन. पहिला सौम्य ज्वलनशील, दुसरा स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला. पूर्वी मेकॅनिक जुना वायू हवेत सोडून देई आणि तिथेच ब्रेझिंगची ज्योत पेटवी. प्रोपेनच्या यंत्राजवळ तसे केले तर जीव जाईल.

म्हणून आता नायट्रोजनने गळती तपासणे, पंपाने व्हॅक्यूम काढणे आणि काट्यावर वजन करून वायू भरणे हे प्रात्यक्षिकाचे गाभ्याचे भाग झाले आहेत. यांतला व्हॅक्यूम सर्वात जास्त टाळला जातो, कारण त्याला वेळ लागतो आणि ग्राहकाला तो दिसत नाही. नळीत उरलेला ओलावा तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि वर्षा-दोन वर्षांत कॉम्प्रेसर जळतो. दर उन्हाळ्यात ‘गॅस कमी झाला’ म्हणून टॉप-अप करून देणारा मेकॅनिक खरे तर गळती न शोधताच पैसे घेतो. बंद चक्रातला वायू संपत नसतो.

आता त्या पोकळीकडे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी. वातानुकूलित खोलीत डक्ट किंवा फॉल्स सीलिंगपर्यंत ती २.४ मीटर चालते. या मधल्या अंतरात डक्ट, वायरी, स्प्रिंकलर, दिव्यांची खोकी आणि पाण्याची नळी कोंबायची असते. छतात बसणाऱ्या कॅसेट एसीला पाव मीटरहून अधिक खोली लागते. पाणी वाहून नेणाऱ्या नळीला दर मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार हवा. ड्रॉइंगमध्ये छत सरळ आणि सुबक दिसते, पण नळीला उतार मिळाला नाही की पहिल्याच उन्हाळ्यात जिप्समवर पिवळा डाग उमटतो. दुरुस्तीसाठी झाकण ठेवले नसेल तर फिल्टर साफ करायला छत फोडावे लागते. डिझायनर म्हणतो, मेकॅनिकला सौंदर्याची जाण नाही. मेकॅनिक म्हणतो, डिझायनरला हवा कुठून येते ते माहीत नाही. दोघांचे थोडे थोडे खरे असते, कारण एकाच्या अभ्यासक्रमात ‘सेवा’ हा एखादा पेपर असतो आणि दुसऱ्याच्या अभ्यासक्रमात खोली हा बहुधा फक्त उष्णतेचा आकडा असतो.

हे एकत्र साधता येते याचा पुरावा कुलाब्यात उभा आहे. १९३३ साली उघडलेले रीगल हे देशातल्या पहिल्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी एक. त्याची आर्ट डेको अंतर्सजावट आजही पाहायला लोक जातात.

एसीच्या बाजूला नोकऱ्यांची व्याप्ती घरगुती दुरुस्तीपुरती नाही. मुंबईतच १९४३ साली ब्लू स्टार आणि १९५४ साली व्होल्टास सुरू झाल्या, त्यामुळे या उद्योगाचे एक मूळ याच शहरात आहे. नाशिकच्या द्राक्षांना निर्यातीआधी प्री-कूलिंग लागते, मासळीला बर्फ आणि शीतगृह, औषध कारखान्यांना नियंत्रित हवा. डिसेंबर २०१७मध्ये मुंबईत वातानुकूलित लोकल धावू लागल्यापासून रेल्वेच्या कारशेडमधले कामही बदलले.

अमेरिकेत हेच शिक्षण कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांच्या पदवीसाठी दिले जाते. भट्टी आणि बॉयलर हा तिथल्या अभ्यासाचा मोठा भाग, कारण उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळाच मुख्य गिऱ्हाईक. शिवाय शीतकाला हात लावणाऱ्या तंत्रज्ञाला तिथल्या पर्यावरण संस्थेच्या नियमाप्रमाणे परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावेच लागते. भारतात अशी सक्ती नाही. २०१९च्या इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. तरीही दुरुस्तीचे पुष्कळ काम आजही उस्तादाच्या हाताखाली शिकलेली, वर्गात कधी न बसलेली मुले करतात. त्यांतल्या कित्येकांचा हात पदवीधरापेक्षा सफाईदार असतो. त्यांना कोणी शिकवलेला नसतो तो नव्या वायूंचा धोका.